त्यात आहे तरी काय

कॉम्प्युटर संध्याकाळी सुरू झाला. खरं तर आज मी खुशीत असायला हवं. पण ओंकारचं परवाचं बोलणं काही केल्या डोक्यातून जात नाही. "आई, सरळ फॉरमॅट मार आणि नवीन टाक. तसंही त्यात आहे तरी काय?"

वाईट हेतूने नाही म्हणाला, ते कळतं मला. घाईत होता, मागून कुणीतरी हाका मारत होतं त्याला. आणि 'फॉरमॅट मार' हे हल्ली सगळेच 'एक गोळी घे' म्हणावं तसं म्हणतात. तरी लागलं. वर हे म्हणाले, जुनाच झालाय, नवीन घेऊ या की. दोघांचं म्हणणं फिरून तेच, आहे ते टाका. आत काय आहे हे मला विचारावंसं एकालाही वाटलं नाही. ओंकारने विचारलं म्हणा, पण त्याला विचारणं म्हणत नाहीत.

झालं होतं एवढंच, की अपडेट चालू असताना लाइट गेले. आल्यावर बटण दाबलं तर निळा पडदा. बूट कॉन्फिगरेशन डेटा सापडत नाही किंवा त्यात चुका आहेत, असं इंग्रजीत लिहिलेलं, आणि खाली शून्यांची लांबलचक माळ, शेवटी एफ. ओंकारला फोटो पाठवला त्याचा. त्याने तो मोठा करून तरी पाहिला की नाही, देव जाणे. कारण त्यात सगळं लिहिलं होतं. विंडोज जागेवर, माझ्या फाइली जागेवर, फक्त विंडोज कुठून उचलायचं हे सांगणारी नोंद बिघडलेली. पूर्वी विंडोज एक्सपीच्या दिवसांत ही नोंद म्हणजे बूट डॉट आयएनआय नावाची साधी मजकुराची फाइल असायची, नोटपॅडमध्ये उघडली की चार ओळी वाचता यायच्या. २००७ मध्ये विंडोज विस्टा आलं आणि त्या जागी ही बीसीडी, म्हणजे तोच बूट कॉन्फिगरेशन डेटा. ही डोळ्यांनी वाचता येत नाही, कमांडनेच हलते. असो. एवढीशी नोंद बिघडली, तर त्यावर इलाज काय, तर सगळं पुसा. मी रात्री अंथरुणात पडून हेच घोळवत होते. पंचवीस वर्षं या घरात कुठली वस्तू कुठे आहे हे मला विचारल्याशिवाय कुणाला सापडत नाही, आणि माझ्या एका टेबलावरच्या डब्यात आहे तरी काय!

मेधाताईंकडे जाऊन त्यांच्या लॅपटॉपवर विंडोज टाकायचा पेन ड्राइव्ह तयार करून आणला, दुरुस्तीही त्यावरूनच करता येते. निदान ८ जीबीचा लागतो. मेधाताईंनीही विचारलं, एवढा आटापिटा कशासाठी? मी काही बोलले नाही. त्यांना तरी काय सांगणार.

पेन ड्राइव्हवरून मशीन चालू झालं, 'रिपेअर' वर गेले, स्टार्टअप रिपेअरने बराच वेळ गोल गोल फिरून मग हात वर केले. राहिली ती कमांड टाइप करायची काळी खिडकी, कमांड प्रॉम्प्ट. तिथे सुरुवातीला एक्स असं अक्षर येतं, म्हणजे पेन ड्राइव्हवरून मेमरीत उचललेली तात्पुरती सिस्टीम. आपलं रोजचं सी ड्राइव्ह तिथे सी असेलच असं नाही, माझं डी झालं होतं. हे आधी तपासून घ्यावं, नाहीतर माणूस भलत्याच कप्प्यात औषध ओततो.

डी वर जाऊन डिर मारलं, म्हणजे आत काय आहे त्याची यादी मागवली, आणि बसून राहिले. माझे फोल्डर होते सगळे. पण त्या खिडकीला देवनागरी येत नाही. इंग्रजी नावं धड, आणि मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन. काना वेगळा चौकोन, अनुस्वार वेगळा, जोडाक्षराचे तर तीन तुकडे. मग मी चौकोन मोजून ओळखायला लागले. तीन चौकोन, मोकळी जागा, पुढे आठ चौकोन म्हणजे 'नीट लावायचंय'. ते कधीच लावलं गेलं नाही. पाच चौकोनांचे मात्र दोन होते. एक 'पत्रं', आणि दुसरा 'आप्पा'. दिसायला दोन्ही सारखे, शेजारच्या तारखांवरून कळलं कोणता कुठला. आप्पांच्या फोल्डरला किती वर्षांत हात लावलेला नाही, तेही त्या तारखेनेच सांगितलं.

ते आज नको.

माझ्या जुन्या वहीत एक उपाय लिहून ठेवलेला होता. सिस्टीम बिघडली तर रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंगांच्या नोंदवहीची, जपून ठेवलेली प्रत रेगबॅक नावाच्या फोल्डरमध्ये असते, ती परत आणायची. मला त्याची गरज नव्हती, तरी उत्सुकता म्हणून पाहिलं. फाइलींची नावं ओळीने हजर, आणि आकार म्हणून प्रत्येकीपुढे शून्य. मग वाचलं, की २०१८ च्या १८०३ आवृत्तीपासून विंडोज १० ही प्रत आपोआप घेतच नाही, डिस्कवरची जागा वाचावी म्हणून. फोल्डर आहे, नावं आहेत, आत काही नाही. ते शून्य पाहताना पोटात गलबललं, कारण क्षणभर वाटलं, ओंकार म्हणतो ते असंच असलं तर?

म्हणून दुरुस्तीच्या आधी सगळं बाहेर काढलं. त्या काळ्या खिडकीत 'नोटपॅड' टाइप केलं की नोटपॅड उघडतं, त्याच्या 'ओपन' मध्ये जाऊन 'ऑल फाइल्स' केलं की सगळ्या डिस्क दिसतात आणि तिथून कॉपी-पेस्टही करता येतं. किती झालं, किती राहिलं, काही दिसत नाही. खिडकी नुसती गोठल्यासारखी. बाहेरच्या डिस्कचा दिवा लुकलुकतोय एवढाच भरवसा. त्या दिव्याकडे बघत बसले तेव्हा ह्यांनी डोकावून विचारलं, "अजून तेच?" मी हो म्हटलं.

बाकीचं सांगण्यासारखं फार नाही. चेकडिस्कने डिस्क ठीक असल्याचं सांगितलं. बूट दुरुस्त करणाऱ्या बूटरेकच्या फिक्सबूट कमांडने 'ॲक्सेस डिनाइड' म्हणून दार आपटलं. माझ्याच घरात मलाच मज्जाव, म्हणजे परवापासून जे चाललं होतं तेच. पण हे नेहमीचंच आहे म्हणे, नव्या पद्धतीच्या मशीनवर ते बऱ्याचदा असंच अडतं. मग डिस्कपार्ट या डिस्कचे कप्पे दाखवणाऱ्या कमांडमध्ये तो बूटच्या फाइलींचा, १०० एमबीचा बिनअक्षराचा कप्पा शोधला. फॅट३२ लिहिलेलं असतं त्याच्यापुढे, त्यावरून ओळखायचा. त्याला एस अक्षर दिलं, आणि बाहेर येऊन बीसीडीबूटची, म्हणजे ती नोंद नव्याने करणाऱ्या कमांडची, एक ओळ लिहिली. विंडोज इथे आहे, नोंद तिथे कर, यूईएफआय म्हणजे त्या नव्या पद्धतीने. एंटर. बूट फाइली तयार झाल्या, असं एका ओळीत उत्तर. मी अजून काहीतरी होईल म्हणून वाट बघत होते. काहीच नाही. पेन ड्राइव्ह काढला, मशीन परत चालू केलं आणि ते आलं.

मग मी मोठ्या थाटात बसले, आत काय काय आहे ते बघायला. म्हटलं, यादीच करते आणि पाठवते त्याला.

तर, केव्हाच भंगारात गेलेल्या वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक. 'नवीन फोल्डर' आणि त्याच्या आत 'नवीन फोल्डर', त्याच्या आत एकच फोटो, ह्यांच्या अंगठ्याचा. एका अर्जाच्या 'फायनल', 'फायनल नवा' आणि 'हाच फायनल' अशा प्रती, आणि पाठवला होता तो यातला कोणता, कोण जाणे. कुणीतरी शिकवलेल्या विणकामाच्या टाक्यांचे व्हिडिओ, ज्यात टाके सोडून सगळं दिसतं. वाचता वाचता मला हसू फुटलं. यादी पाठवायचा बेत मी रद्द केला. पत्रं आहेत, ती आहेत. पण ती काय यादीत घालायची गोष्ट नाही, आणि ती सोडली तर पोरगं अगदीच चुकीचं बोललं असं माझ्याच्याने म्हणवेना.

तेवढ्यात त्याचाच फोन. झाला का चालू? झाला. भारीच की आई! मग थोडं थांबून, "अगं, माझ्या पासपोर्टचा स्कॅन त्यात असेल बघ कुठेतरी."

आहे. त्याच्याच नावाच्या फोल्डरमध्ये, त्याच्या सगळ्या सर्टिफिकेटांसकट. फोनवर बोलता बोलताच पाठवला. टोमणा तोंडाशी आला होता, पण गिळला. त्याऐवजी विचारलं, तुझ्या लॅपटॉपची ती ४८ आकडी किल्ली कुठे लिहून ठेवलीयस?

"कसली किल्ली?"

मग त्याला बसवून सांगितलं. नवे लॅपटॉप बऱ्याचदा डिस्क आपणहून कुलूपबंद करतात, एरवी ते जाणवतही नाही. आणि माझ्यासारखा प्रसंग आला की आधी ती किल्ली मागतात. ती नसेल तर नोटपॅड नाही, चौकोन नाहीत, काहीच नाही. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करून बघ, तिथे साठवलेली सापडेल, आणि कागदावर उतरवून ठेव. मी अगदी सावकाश, एकेक पायरी सांगत होते. मध्ये त्याला पुन्हा कुणीतरी हाक मारली, तर "थांब रे, आईशी बोलतोय" म्हणाला. किल्ली सापडली. आकडे त्याने मला वाचून दाखवले आणि मी ते माझ्याही वहीत लिहून घेतले, त्याचा कागद महिनाभर तरी टिकेल का याची मला शंका आहे.