गोल्ड माझं, चटणी आक्काची

"तुला दोन बॅगा चालतात न्हवं? मग त्यातली एक मला दे."

मार्चच्या शेवटाला आक्काचा फोन आला तो हाच. कसा आहेस, जेवलास का, काही नाही. भाचीचं बाळंतपण स्टुटगार्टला, आक्का तिकडं निघालेली, आणि त्याच सुमाराला मला हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनाला जायचं होतं. तिला लेकीच्या घरी पोचवून मी पुढं जावं असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. मला शेवटी कळवलं.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत एक्स्पोर्टचं बघतो. सारखं विमानात बसून बसून माझ्याकडं स्टार अलायन्सचं, म्हणजे विमान कंपन्यांच्या एका गटाचं, गोल्ड कार्ड आलंय. घरात या कार्डाला आजवर काडीची किंमत नव्हती. बायको म्हणते, रेशन कार्डावर निदान साखर तरी मिळते. आक्कानं मात्र त्यातली एकच गोष्ट बरोबर हेरली: जादा बॅग.

आता हे नीट सांगतो, कारण माझाही यात गोंधळ होता. सामानाचे हिशोब दोन तऱ्हेचे असतात. जिथं किलोवर मोजतात, तिथं गोल्डवाल्याला २० किलो जास्त मिळतात. जिथं नगावर मोजतात, तिथं एक नग जास्त. आमची तिकिटं नगावरची होती. आक्काला २३ किलोची एक बॅग, मला तसल्या दोन. ही जादाची बॅग कार्डवाल्याची, सोबतच्याची नाही. गंमत म्हणजे लाउंजमध्ये त्याच विमानाचा एक पाहुणा नेता येतो. म्हणजे आक्काला फुकट कॉफी पाजायला परवानगी, तिची चटणी न्यायला नाही! अमेरिकेतल्या काही विमान कंपन्या एकाच बुकिंगवरच्या सोबत्यांनाही मोफत बॅग देतात, पण आमचं तसं नव्हतं. माझं तिकीट कंपनीनं काढलेलं, तिचं जावयानं.

मग करायचं काय, तर जादाची बॅग सरळ माझ्या नावावर टाकायची. टॅग माझा, जबाबदारी माझी. आत सामान आक्काचं. कोण विचारतंय, असं मला वाटलं होतं.

मंगळवार पेठेतल्या तिच्या घरी दोन दिवस मांडामांड चालली. डंकावरनं ताजी कुटून आणलेली चटणी (कोल्हापूरबाहेरच्यांनो, चटणी म्हणजे कांदा-लसणाचं तिखट) एकेक किलोची नऊ पाकिटं. अळीव, डिंक, खारकेची पूड, बाळंतशेपा, ओवा. दुपटी, झबली, कुंची. गुळाची एकेक किलोची चार ढेपं. जावयासाठी कापशी चपला, त्यासुद्धा करकर वाजणाऱ्या. मी तिथं पाटावर बसून कस्टमवाल्यासारखा एकेक जिन्नस बाहेर काढत होतो. तूप आणि पेढे बाद, कारण दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेऊ देत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही बाद. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप पेट घेऊ शकतं म्हणून विमानाच्या धोकादायक मालात त्याची गणना होते.

"मग चटणीत काय घातलंय? खोबरंच की," आक्का म्हणाली.

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अख्ख्या वाट्या तेवढ्या काढल्या.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरनं मुंबईला विमान आहे, पण वेगळं तिकीट काढलं की देशातल्या विमानात १५ किलोच. म्हणून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरली. निघताना हाताच्या काट्यावर आक्काची बॅग भरली २२.८. मी खूश. मुंबईत एक दिवस तिच्या जाऊबाईंकडं परळला उतरलो आणि तिथंच घात झाला. मी दुपारी जरा आडवा झालो तेवढ्यात बॅगेत एक गोधडी आणि पितळेची वाटी-चमचा जाऊन बसले होते.

विमानतळावर आक्काच्या बॅगेला काउंटरचा काटा २७.१ वर थांबला. माझी दुसरी बॅग २३ ला टेकलेली, माझी स्वतःची ११.

आक्कानं उभ्या उभ्या हिशोब केला. "तीन बॅगांचे एकोणसत्तर होतात. आपले एकसष्टच भरले. आठ किलो आपण सोडतोय की यांना."

काउंटरवरच्या मुलीनं शांतपणे सांगितलं, नगाच्या हिशोबात असं सरासरीत चालत नाही, प्रत्येक बॅग २३ च्या आत पाहिजे. वर असेल तर पैसे, आणि ३२ च्या वर असेल तर बॅग घेतच नाहीत, उचलणाऱ्याच्या पाठीचा प्रश्न असतो. किलोच्या हिशोबात एकाच बुकिंगवरच्यांचं वजन काही कंपन्या एकत्र धरतात. आमचं ना किलोचं, ना एकाच बुकिंगचं. तेव्हा खाली फरशीवर दोन्ही बॅगा उघडल्या आणि चटणीची पाच पाकिटं माझ्या बॅगेतल्या सुटात गुंडाळली. मागं रांगेत एक बाई म्हणाल्या, "कोल्हापूरचे का?" वास पोचला होता.

स्टुटगार्टला पट्ट्यावर आक्काची बॅग आली. माझी आली. जादाची काही आली नाही. तिलाच नेमका प्रायॉरिटीचा टॅग होता, सगळ्यांच्या आधी येणार म्हणून लावलेला. मधल्या विमानतळावर राहिली होती.

तक्रार नोंदवायची खिडकी गाठली. टॅग माझ्या नावाचा, त्यामुळं फॉर्म माझा, सही माझी, आणि "बॅगेत काय आहे" हा प्रश्नही मलाच. मी मागं वळून आक्काला विचारायचं, तिनं सांगायचं, मी इंग्रजीत करायचं. अळीव म्हणजे सीड्स. बाळंतशेपा म्हणजे अदर सीड्स. कुंचीला मी टोपी म्हटलं, तर आक्का म्हणाली, "टोपी न्हवं, मागं झालर असती, सांग तिला." मी हातानं मानेमागं झालर करून दाखवली. ती जर्मन बाई सगळं लिहून घेऊन हसली आणि माझं अभिनंदन केलं. मी अठ्ठेचाळीसचा. दाढी पांढरी. आक्काला तर्जुमा करून सांगितला नाही.

चूक मात्र माझी झाली. फॉर्मवर पत्ता आधीच छापून आला होता, कंपनीच्या बुकिंगमधला हॅनोव्हरच्या हॉटेलचा. झोपेच्या तारेत मी खाली सही ठोकली. तिसऱ्या दिवशी बॅग सापडली ती माझ्या हॉटेलात. इकडं भाची बाळंतीण झालेली, आक्का फोनवर, "अरे, डिंक तिथं हॉटेलात काय करतोय?" आणि मी स्टॉलवर ग्राहकांना कास्टिंगचे नमुने दाखवतोय, अंगात कांदा-लसणाच्या वासाचा सूट घालून. एका इटालियन गृहस्थानं दोनदा नाक वर करून हवा हुंगली. ऑर्डरीवर परिणाम झाला की नाही ते अजून समजायचंय.

उशिराच्या बॅगेबद्दल भरपाई मागायची तर ती हातात आल्यापासून २१ दिवसांत लेखी मागावी लागते, मोडतोडीची ७ दिवसांत. तीही टॅगवाल्यानंच. आक्कानं तिथं दुकानातून घेतलेल्या झबल्यांची बिलं तिच्या नावावर, टॅग माझ्या. मी अर्ज टाकलाय. विमान कंपनीचं उत्तर आलंय की प्रवासी आणि खरेदीदार एकच असल्याचं दाखवा. बघू.

प्रदर्शन संपल्यावर बॅग घेऊन रेल्वेनं स्टुटगार्टला गेलो, चारेक तासांचा प्रवास. दारातच आक्कानं आधी बॅग हातातनं घेतली, मग मला पाणी दिलं. चेन उघडून गूळ हुंगला, बाळंतशेपाची पुडी उघडून एक दाणा दाताखाली धरला आणि मान हलवली. बाळ मला त्यानंतर दाखवलं.

काल तिचा फोन होता. जुलैत परत येतीय, एकटी, २३ किलोची एकच बॅग.

"इथली भांडी लई चांगली असतात रे. एकतीस किलो झालंय आत्ताच. तुझी पुढची फेरी कधी?"