नाशिकहून मुंबई विमानतळ: ॲपने सांगितलेली वेळ किती धरायची

आत्याचं विमान संध्याकाळी होतं आणि दोन वाजेपर्यंत तिला टर्मिनल दोनवर पोहोचवायचं होतं. पंचवटीतून अंतर सुमारे १६५ किलोमीटर. अशा प्रवासाला निघताना बहुतेक जण सकाळी ॲप उघडतात, जी वेळ दिसते तिच्यात अर्धा तास मिळवतात आणि निघतात. मी आदल्या रात्रीच गूगल मॅप्समध्ये पोहोचण्याची वेळ दोन टाकून पाहिली. असं विचारलं की ॲप एक आकडा देत नाही, कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन वेळा दाखवतं. विमान गाठायचं असेल तर त्यातली मोठी वेळ धरायची. आम्ही तीच धरून निघालो आणि वेळेत पोहोचलो.

ही वेळ येते कुठून, ते कळलं की कुठे विश्वास ठेवायचा हेही कळतं. रस्त्यावरच्या फोनमधून जागेची आणि वेगाची निनावी माहिती जात असते, त्यावरून या क्षणाचा वेग कळतो. पण आपण ठाण्याला पोहोचणार तीन तासांनी, तेव्हा आत्ताचा वेग काय कामाचा? म्हणून ॲप रस्त्याचे तुकडे पाडतं आणि आपण ज्या सुमारास त्या तुकड्यावर असू, त्या वेळी तिथे एरवी काय वेग असतो ते जुन्या नोंदींतून काढतं. गूगलने २०२० मध्ये डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीसोबतच्या कामाची माहिती दिली, तेव्हा ९७ टक्क्यांहून अधिक प्रवासांचे अंदाज अचूक ठरत असल्याचं म्हटलं होतं. त्याच वर्षी लॉकडाउनमुळे रस्ते ओस पडले, तेव्हा जुन्या नोंदींचं वजन कमी करून गेल्या दोन ते चार आठवड्यांच्या नोंदींवर जास्त भर द्यावा लागला. म्हणजे रोजच्यासारखा दिवस असेल तर अंदाज उत्तम, दिवस वेगळा असेल तर सावध राहायचं.

के. के. वाघ कॉलेजजवळ उड्डाणपुलावर चढलो की द्वारका आणि मुंबई नाका हे नाशिकचे गर्दीचे चौक खाली राहतात. इथे एक जपायचं. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो, पण उंचीच्या बाबतीत तो कच्चा. आपण पुलावर आहोत की खालच्या सर्व्हिस रोडवर, यात ॲपची गल्लत होऊ शकते. आपण वर असताना ‘डावीकडे वळा’ ऐकू आलं तर गोंधळायचं नाही, पाटीकडे पाहून चालवायचं.

पाथर्डी फाट्याला सकाळी अंबडच्या कारखान्यांची गर्दी असते. ती रोजचीच, त्यामुळे अंदाजात ती आलेली असते. पुढे घोटीच्या आसपास खरा निर्णय: जुना कसारा घाट की समृद्धी महामार्ग. समृद्धीचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. आम्ही समृद्धीने गेलो आणि पावसाळ्यात तर मी दुसरा विचारही करणार नाही. ॲपमध्ये ‘टोल टाळा’ सुरू असेल तर हा रस्ता सुचवलाच जाणार नाही, तेवढं आधी तपासा. दुचाकीला समृद्धीवर बंदी आहे. चहा, पेट्रोल, स्वच्छतागृह हे सगळं वर चढण्याआधी उरका आणि तो वेळ वेगळा धरा, कारण ॲप आपले थांबे मोजत नाही.

इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे. आत उपग्रहाचा संकेत येत नाही, बाण थबकतो किंवा अंदाजाने सरकतो. आत्या घाबरून म्हणाली, “अरे, रस्ता चुकलास की काय?” बाहेर पडल्यावर काही क्षणांत सगळं जागेवर येतं.

आमणेनंतर मात्र जीव मुठीत. समृद्धीवर वाचवलेला वेळ भिवंडी ते ठाण्यातला माजिवडा या पट्ट्यात सहज जातो. गोदामांचे ट्रक, रस्त्याची कामं, आणि एक कंटेनर आडवा झाला की संपलं. ॲपला अपघात स्वतःहून दिसत नाही. कुणी ॲपवर कळवला नसेल, तर त्याला फक्त फोन हळू झालेले दिसतात, आणि तेही ते हळू झाल्यावर. सायमन वेकर्ट या कलाकाराने बर्लिनमध्ये हातगाडीत ९९ फोन घालून मोकळा रस्ता नकाशावर लाल करून दाखवला होता, तो याच कारणाने. म्हणून आमणेला उतरण्याआधी शेजारच्याला नकाशा पुढे सरकवून ठाण्यापर्यंतचे रंग बघायला सांगा. कमीत कमी आणि जास्तीत जास्त वेळेतला सगळा फरक याच पट्ट्यासाठी राखून ठेवायचा.

श्रावणी सोमवार, दिवाळीची सुट्टी आणि २०२७ चा सिंहस्थ या काळात जुन्या नोंदी फारशा उपयोगाच्या नाहीत. वाहतूक वळवल्याची सूचना आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बघा.

परतताना पाथर्डी फाट्यापाशी ॲप पुलाखालून गेलं तर पाच मिनिटं वाचतील असं सांगू लागलं, तरी पंचवटी-आडगावकडच्यांनी पुलावरच राहावं. संध्याकाळच्या द्वारका चौकात ती पाच मिनिटं टिकत नाहीत.