माकड बघायला हायकोर्टात

कोर्टनाक्याला ॲफिडेव्हिट करायला गेलो होतो, टायपिंगवाल्याकडे गर्दी होती म्हणून उगाच मान वर करून आजूबाजूच्या बिल्डिंगी बघत उभा राहिलो. बघण्यासारखं तसं काही नाही, खिडक्या, वायरी, एसीचे डबे. पण कोर्ट म्हटलं की माझी मान आपोआप वर जाते, ही खोड मामाने लावली.

मामा फोर्टात एका वकिलांकडे कारकून होता. मे महिन्यात एकदा म्हणाला, चल तुला हायकोर्टात माकड दाखवतो. मी ठाण्यापासून व्हीटीपर्यंत खिशात शेंगदाणे सांभाळत गेलो आणि माकड निघालं दगडाचं! एका डोळ्यावर पट्टी, हातात तराजू. शिवाय वकिलाच्या वेषातला कोल्हा. कुणा कंत्राटदाराने खटला हरल्याचा राग असा काढला म्हणतात, खरंखोटं माहीत नाही, पण मला तो माणूस फार आवडतो. एवढी पाचशे बासष्ट फूट लांब गॉथिक इमारत, लोकांची छाती दडपावी म्हणूनच बांधलेली, आणि तिच्यात हा बसून वाकुल्या कोरतोय.

मामाला कौतुक हिशोबाचं. इंजिनियर कर्नल फुलरने १८७१ ला या इमारतीचं काम काढलं, १८७८ ला संपवलं, साडेसोळा लाखांच्या आत, आणि मंजूर रकमेतले अडीच हजारांवर उरले पण, हे तो दर वेळी नव्याने सांगायचा. वर न्याय आणि दया अशा दोन मूर्ती आहेत. "दोघी गच्चीवर, खाली नुसत्या तारखा," हे पण त्याचंच. शेंगदाणे शेवटी त्यानेच खाल्ले.

आमच्या ठाण्याच्या कोर्टाजवळ बघायचं तर जेल. पोर्तुगीजांनी सुरू केलेला किल्ला, १७३७ ला मराठ्यांकडे आला, १७७४ ला इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग केला. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन, त्याच्या खुनाचा खटला मुंबई हायकोर्टात चालला, म्हणजे माकड तेव्हा होतंच तिथे तराजू धरून. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे. १९ एप्रिल १९१० ला तिघांना या ठाण्याच्या जेलात फाशी दिली. कान्हेरेंचं वय अठरा-एकोणीस. मामाला हे माहीत नसेल असं नाही, पण माकडाच्या गोष्टीत त्याने ते कधी आणलं नाही.