बारा व्होल्टचा हिशेब

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझे संगणक जुळणीचे दुकान आहे. बारावीचा निकाल लागला की गेमिंग संगणकाची चौकशी करणाऱ्या मुलांची वर्दळ सुरू होते आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये सुट्या भागांची यादी आधीच तयार असते. २०२४ च्या जूनमध्ये आलेल्या एका मुलाची यादीही त्याच धाटणीची होती. वेगळे होते ते त्याच्याबरोबर आलेले वडील. उद्यमनगरात त्यांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान होते. बोटांवर वॉर्निशचे डाग, खिशाला टेस्टर. "मला ह्यातलं काय कळत नाही, तुमचं तुम्ही ठरवा," असे म्हणून ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

८०,००० रुपयांची ती यादी पूर्णपणे ग्राफिक्स कार्डाभोवती, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागाभोवती, रचलेली होती. आरटीएक्स ४०७० हे कार्डच तेव्हा ५०,००० च्या वर जात होते. साहजिकच उरलेल्या पैशांत आय-५ १२४००एफ प्रोसेसर, हाती लागेल तो स्वस्त एच६१० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम आणि एसएमपीएससकट (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यासकट) मिळणारे अडीच हजारांचे कॅबिनेट कसेबसे कोंबलेले होते. मॉनिटरसाठी तर पैसेच धरलेले नव्हते, कारण घरी ६० हर्ट्झचा जुना फुल एचडी मॉनिटर होता.

मी मात्र हिशेब नेहमी मॉनिटरपासून सुरू करतो. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. कार्डाने दीडशे फ्रेम, म्हणजे चित्रे, तयार केल्या तरी त्यांतल्या बहुतेक डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. शिवाय हा मुलगा प्रामुख्याने व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन खेळ खेळणारा, आणि त्या खेळाचा भार कार्डापेक्षा प्रोसेसरवर अधिक पडतो. म्हणून मी त्याला आरटीएक्स ४०६० सुचवले. कार्डात वाचणाऱ्या वीस-पंचवीस हजारांत १४४ हर्ट्झचा मॉनिटर, ८ जीबीच्या दोन रॅम, बरा मदरबोर्ड, साठवणुकीसाठी १ टीबीची एनव्हीएमई ड्राइव्ह आणि नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस एवढे सगळे बसत होते. रॅम दोन घेण्याचे कारण असे, की एकच रॅम लावली तर प्रोसेसरला मेमरीचा एकच मार्ग मिळतो आणि खेळ मध्येच अडखळतो.

मुलाला ते पटले नाही, पण त्याची हरकत पोरकट नव्हती. ४०६० ची मेमरी ८ जीबी आणि बस (मेमरीकडे जाणारा रस्ता) १२८ बिटची. त्याआधीच्या पिढीतल्या ३०६० कार्डाला १२ जीबी आणि १९२ बिट मिळतात, मग नवे कार्ड मागे का गेले, असा त्याचा सवाल होता. इतका अभ्यास करून येणारे गिऱ्हाईक मला आवडते. नव्या मोठ्या खेळांत टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांचा तपशील) सर्वांत वरच्या पातळीला ठेवले तर ८ जीबी अपुरी पडते आणि तिथे त्याला एक पायरी खाली यावेच लागेल, हे मी झाकून ठेवले नाही. थ्रीडी रेंडरिंगचे काम असते, तर मीच त्याला १२ जीबीचे ३०६० दिले असते. पण फुल एचडीवर नुसते खेळायचे असेल तर ४०६० एकंदरीत वेगवान आहे, एनव्हिडियाच्या फ्रेम जनरेशनची (मधल्या फ्रेम कार्डानेच भरून काढण्याची) सोय ३०६० ला नाही, आणि ३०६० जिथे १७० वॅटपर्यंत वीज मागते तिथे ४०६० चे काम ११५ वॅटमध्ये होते. एवढे ऐकूनही त्याचे मन ४०७० वरच अडकलेले होते. "पुढच्या चार-पाच वर्षांचं बघायला नको का?" हा प्रश्न मी रोज ऐकतो. माझ्या मते सगळ्यांत लवकर जुने होते ते कार्डच. मॉनिटर आणि चांगला एसएमपीएस पुढच्या कार्डालाही उपयोगी पडतात.

मी त्याच्या यादीतले कॅबिनेट काउंटरवर आणून ठेवले आणि आतला एसएमपीएस काढून दाखवू लागलो, तसे वडील स्टुलावरून उठले. त्यांनी तो हातात घेऊन तोलला, मग शेजारचा ५५० वॅटचा उचलला आणि काही न बोलता दोन्ही खाली ठेवले. नंतर त्यांनी स्वस्तातल्या एसएमपीएसची वायर चिमटीत धरून अंगठ्याने चोळली. तिच्या आवरणावर २० गेज छापलेले होते, दुसऱ्याच्या वायरवर १८. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

मग त्यांनी चष्मा लावून लेबल वाचायला घेतले. वर मोठ्या अक्षरांत '४५०' आणि खाली बारीक तक्ता: ३.३ व्होल्टला १८ अँपिअर, ५ व्होल्टला २० आणि १२ व्होल्टला १४. "कार्ड कितीवर चालतं हे?" त्यांनी विचारले. आजचे प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. पूर्वी मुख्य भार ५ आणि ३.३ व्होल्टवर असायचा आणि असले स्वस्त एसएमपीएस अजून त्याच जुन्या घडणीचे असतात, असे मी सांगितले. त्यांनी माझ्याच बिलबुकाच्या पाठीवर पेन्सिलीने गुणाकार मांडला. बारा व्होल्ट गुणिले चौदा अँपिअर, १६८ वॅट. खाली ४०७० कार्डाचे २०० आणि प्रोसेसर पूर्ण जोरात असतानाचे ११७ लिहिले, बेरीज ३१७ आली. त्यानंतर तक्त्यातल्या तिन्ही ओळींच्या वॅटची बेरीज करून पाहिली, तर तीही ३३० च्या आतच राहिली.

"पाच एचपीची पाटी ठोकून आत तीनचं वाइंडिंग भरल्यासारखं हाय हे," ते म्हणाले. "ह्यात साडेचारशे हाय कुठं?"

मुलगा कागदाकडे बघत राहिला. मी अर्धा तास बोलून जे झाले नव्हते, ते त्या चार ओळींनी झाले. त्याने मोबाइलमधून ४०७० खोडले आणि माझी यादी लिहून घेतली. वडिलांनी मला पुढे विचारले ते घरच्या अर्थिंगबद्दल. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येतात, हे मी सांगू लागलो, तेव्हा "ते मी आज रात्रीच बघतो," म्हणून त्यांनी विषय संपवला.

जुळणी संध्याकाळी झाली. प्रोसेसरच्या नावातल्या 'एफ'चा अर्थ त्यात अंगचे ग्राफिक्स नाही, त्यामुळे मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नव्हे तर कार्डालाच लावायची, हे मी मुलाला त्याच्याच हाताने करायला लावले. नवा मॉनिटरसुद्धा विंडोजमध्ये ६० हर्ट्झवरच सुरू झाला. सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडल्यावर मुलगा बराच वेळ नुसता माउसचा बाण इकडून तिकडे फिरवत बसला होता.

जाताना वडिलांनी काउंटरवरच्या त्या एसएमपीएसकडे बोट करून विचारले, "हे मग कुणाला देता?" कार्ड नसलेल्या, बिलिंगपुरत्या संगणकाला तो चालून जातो, असे मी म्हणालो. "मग त्याच्यावर १६८ लिवा की," असे सांगून ते गाडीकडे गेले. त्यानंतर असा प्रत्येक एसएमपीएस मांडणीत ठेवण्यापूर्वी मी खोक्यावर मार्करने १२ व्होल्टचे खरे वॅट लिहितो. पुरवठादाराच्या माणसाने ते पाहून तोंड वाकडे केले, आणि गेमिंगसाठी येणारी मुले आता त्या खोक्यांना हातही लावत नाहीत.