लाईट आली की वन-एक्स

अठरा दिवस घालवले, आणि चूक शेवटी मे महिन्यात मीच करून ठेवलेली निघाली.

माझ्या घरी स्टोरेजचं एक यंत्र आणि दोन सर्व्हर इन्फिनीबँडने, म्हणजे मोठ्या संगणक केंद्रांतल्या वेगवान जाळ्याने, एका स्विचला जोडलेत. मागच्या खेपेला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की फॅब्रिक, म्हणजे हे जाळं, आता स्थिर आहे, पुढच्या वेळी एसआरपी आणि आयसर या जाळ्यावरून दूरची डिस्क वापरायच्या दोन पद्धतींचे आकडे शेजारी शेजारी टाकतो. ते आकडे तूर्त विसरा. आठवण एवढीच ठेवा की त्याच वेळी मी स्विच माजघरातून उचलून पडवीत नेला होता. छत्तीस पोर्टांचा एक-यू (रॅकच्या एका खणाएवढा चपटा) स्विच, त्याचे ते चिमुकले पंखे, आणि रात्री साडेदहाला आईचा निर्वाणीचा इशारा: "ता घुमणारा भायर काढ, नायतर तुका भायर काढतंय." पंधरा मीटरची ऑप्टिकल केबल होतीच. चिऱ्याच्या भिंतीतून भोक पाडलं, स्विच बाहेर गेला, घरात शांतता झाली. आमची पडवी समुद्राच्या तोंडावर आहे, हे मी तेव्हा मोजमापात धरलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात देवगडात पाऊस लागला तो लागलाच. रात्री लाईट गेली, यूपीएसने वीस मिनिटं दम काढला, मग सगळं रीतसर बंद झालं. सकाळी लाईट आली, यंत्रं उठली, ओपनएसएमने (जाळ्याची मांडणी करणाऱ्या सबनेट मॅनेजर प्रोग्रॅमने) फॅब्रिक झाडून घेतलं, सगळे पोर्ट अॅक्टिव्ह. एसआरपीवरची डिस्क दोन्ही सर्व्हरांना दिसली. मात्र व्हर्च्युअल मशिनी उठायला इतका वेळ लागला की माझा चहा दोनदा झाला. वेग मोजणारं आयबी-राइट-बीडब्ल्यू चालवून बघितलं. एरवी सेकंदाला ३.७ जीबी देणारी लिंक ०.९३ वर रांगत होती.

बरोब्बर चौथा हिस्सा, तेव्हा कुठे बघायचं ते तुम्हाला कळलंच असेल. क्यूडीआर या माझ्या इन्फिनीबँडच्या वेगाला चार लेन, म्हणजे चार समांतर वाटा, मिळून ४० गिगाबिट, ८बी/१०बीचा (आठ बिटांसाठी दहा पाठवण्याचा) कर कापून ३२ गिगाबिट, म्हणजे सेकंदाला ४ जीबी. एकच लेन चालली तर १ जीबी. आयबीलिंकइन्फोने तेच सांगितलं: रुंदी ४एक्सच्या जागी १एक्स, म्हणजे चार लेनच्या जागी एक. इन्फिनीबँडचा हा स्वभाव मला आवडतोही आणि छळतोही. एखादी लेन बिघडली तर लिंक मरत नाही, मुकाट्याने एका लेनवर येते आणि तिथेच बसून राहते. पुन्हा ट्रेनिंग, म्हणजे दोन्ही टोकांची नव्याने जुळणी, केल्याशिवाय आपणहून वर चढत नाही. अॅक्टिव्हचा दिवा बघून आपण निवांत.

अकराच्या सुमाराला केबल काढून परत लावली, तर ४एक्स. दिवसभर ठणठणीत. पर्फक्वेरीत (पोर्टावरच्या चुकांची मोजणी दाखवणाऱ्या आज्ञेत) सिम्बॉल एररचा काउंटर जेमतेम हलला. दोन दिवसांनी लाईट गेली, आली, परत १एक्स. दुपारी आयबीपोर्टस्टेटने पोर्ट रिसेट केला, परत ४एक्स. नियम पक्का झाला: लाईट गेली की रुंदी गेली, आणि थोडा वेळ थांबून पुन्हा ट्रेनिंग केलं की ती परत येते.

यानंतरचे पाच दिवस ओपनएसएमच्या मागे गेले, हे कबूल करायला लाज वाटते. रुंदी फिजिकल थरावर ठरते आणि सबनेट मॅनेजर त्यानंतर येतो, हे मीच इथे एकदा शिकवण्याच्या सुरात लिहिलं होतं. तरीही बूट व्हायचा क्रम बदलला, ओपनएसएम उशिरा सुरू करून पाहिलं, दुसऱ्या सर्व्हरवर नेऊन पाहिलं. माणूस घाबरला की जे हाताशी असतं ते पिरगाळत बसतो.

मग कार्डांचं फर्मवेअर बदललं, फरक शून्य. स्विचवरचे पोर्ट बदलले: ७, मग १२, मग ३०. ७ आणि १२ वर तोच खेळ, ३० ने तर एका सकाळी तोंडच उघडलं नाही. ऑप्टिकल केबलवर खापर फोडलं, म्हणून एक सर्व्हर चक्क पडवीत नेला आणि तीन मीटरच्या तांब्याच्या डॅक केबलने जोडला. तिथेही १एक्स. शेवटी स्विच वगळून दोन कार्डं समोरासमोर माजघरात जोडली आणि मुद्दाम सहा वेळा सगळं बंद-चालू केलं. सहाही वेळा ४एक्स. म्हणजे दोष स्विचमध्ये. चिपच जातेय अशी मी मनाची तयारी केली. लॅमिंग्टन रोडच्या ज्या दुकानदाराने तो "टेस्टेड पीस, साहेब" म्हणून गळ्यात मारला, त्याला फोन केला, तर टेस्टिंग म्हणजे दिवा लागतो का बघणं, एवढंच निघालं. जुन्या मालाच्या बाबतीत माझं मत आता ठाम आहे: विकणारा एरर काउंटरचा स्क्रीनशॉट पाठवत नसेल तर अर्धी किंमतच सांगायची.

उलगडा केला शेजारच्या तात्यांनी. ते लाँचींची इंजिनं आणि त्यांच्यावरची वायरिंग बघतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, लाँची किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, त्यामुळे तात्या रिकामे आणि पडवीत गप्पांना हजर. मी केबलचं टोक हातात घेऊन वैतागलो होतो. त्यांनी ते घेतलं, खिशातली भिंग काढली, उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाले, "खाऱ्यान खाल्ल्यान मरे ह्या. आमच्या वायरलेसचा असाच होता. इंजिन गरम आसा तवसर सगळा बरा चालता. थंड झाला काय घाम धरता."

भिंग मी घेतली. क्यूएसएफपीच्या, म्हणजे या केबलच्या टोकाच्या, प्लगला ३८ कॉन्टॅक्ट असतात, दोन्ही बाजूंना एकोणीस-एकोणीस सोन्याच्या पट्ट्या. साध्या डोळ्यांना सगळं पिवळं धमक. भिंगातून मात्र पट्ट्यांच्या मुळाशी पिठासारखी पांढुरकी साय दिसली, आणि दोन पट्ट्यांवर टाचणीच्या टोकाएवढे हिरवट ठिपके. सोन्याचा थर पातळ असतो, त्याच्या छिद्रांतून खालचं तांबं वर यायला लागलं होतं. मग स्विचची रिकामी तोंडं बघितली. तीन वापरातली, तेहतीस सताड उघडी, आणि पंखे दिवसरात्र समुद्राचा वारा आत ओढताहेत. पोर्ट बदलून काही फरक का पडत नव्हता ते आत्ता कळलं. मी नासक्या पोर्टातून जास्त नासक्या पोर्टात जात होतो. ऑप्टिकल केबल बिचारी मधल्या काचेत निर्दोष. कॉन्टॅक्ट तिच्या टोकांनाही धातूचेच असतात.

तात्यांचं म्हणणं मोजून बघितल्याशिवाय मला चैन पडेना. आर्द्रतेचा एक सेन्सर स्विचच्या पेटीत चिकटवला. मीठ हवेतलं पाणी साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर ओढायला लागतं. त्याखाली ते कोरडी पूड. स्विच चालू असताना पेटीतली हवा त्याच्याच उष्णतेने तापलेली, सेन्सर ५५च्या आसपास. बंद केल्यावर पावणेदोन तासांत ७५ ओलांडलं, पहाटे ८९. त्या अवस्थेत चालू केलं की १एक्स. रिसेट करत राहिलो: ८०ला १एक्स, ७७ला १एक्स, ७१ला ४एक्स. तीन रात्री हाच प्रयोग केला आणि तिन्ही वेळा उंबरठा सत्तर ते पंचाहत्तरच्या मध्येच सापडला. या छंदात इतका स्वच्छ आलेख माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आला. प्रिंट काढून तात्यांना दाखवला. ते म्हणाले, "मगे, मी काय सांगलंय?"

साफसफाईबद्दल दोन शब्द. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल आणि चष्म्याचं मऊ फडकं, एवढंच. सॅनिटायझर नको, त्यात पाणी असतं. आणि खोडरबराचा सल्ला जो कोणी देतो त्याला माझा कोपरापासून नमस्कार. रॅमच्या पट्टीवर चालून जातं म्हणून मी एका जुन्या डॅकवर घासलं, भिंगातून पाहिलं तर सोनं गायब, खाली निकेल (सोनं आणि तांबं यांच्या मधला थर). ती केबल आता दोडक्याच्या मांडवाला बांधलीय. स्विचच्या पोर्टांत आतून पुसता येत नाही. केबल आयसोप्रोपिलने ओलसर करून दहादा आत-बाहेर केली. वापरातले तिन्ही पोर्ट गेले चार दिवस बंद-चालू करूनही ४एक्सवर आहेत, पण हिरवे ठिपके परत येणार यात शंका नाही.

आधी ठरवलं होतं स्विचला पडवीत बंद कपाट करायचं, आत चाळीसचा बल्ब, रिकाम्या पोर्टांना रबरी टोप्या. सुताराला मापंही दिली. हे लिहिता लिहिता मात्र वाटतंय, स्विच हवाच कशाला? स्टोरेजच्या यंत्रात दोन पोर्टांचं कनेक्टएक्स-३ कार्ड आहे. एक पोर्ट एका सर्व्हरला, दुसरा दुसऱ्याला, सरळ. दोन स्वतंत्र सबनेट होतील, ओपनएसएमच्या दोन प्रती चालवायच्या, एकेक पोर्टच्या जीयूआयडीला (त्याच्या ओळख क्रमांकाला) बांधून. सगळं माजघरात, दोन मीटरच्या डॅकवर. माझ्या मीटरवर स्विच ११० वॅट खातो, ते वाचतील, आणि आई माझ्याशी नीट बोलेल.

स्विच ठेवायचं एकच कारण होतं: चौथं यंत्र, टेपसाठी. माझा एलटीओ-५ टेप ड्राइव्ह फायबर चॅनेल या स्टोरेजच्या वेगळ्या जोडणीचा आहे आणि मला तो दोन्ही सर्व्हरांना द्यायचाय, तेही दुसरी केबल न ओढता. मोठ्या कंपन्या हे पूर्वी गेटवेने करायच्या. टॉपस्पिन, जिला २००५मध्ये सिस्कोने घेतलं, तिचे असे स्विच होते: सर्व्हरमधून एक इन्फिनीबँडची तार, पलीकडे फायबर चॅनेल आणि इथरनेट. एक्ससिगोने तीच कल्पना पुढे नेली. तिला २०१२मध्ये ओरॅकलने घेतलं. तशी पेटी मला मिळायची नाही आणि तिचा आवाज घरात सोसवायचाही नाही. पण गेटवे म्हणजे दोन्हीकडची कार्डं असलेलं एक यंत्र, आणि स्टोरेजच्या यंत्रात एक स्लॉट रिकामा आहे! त्यात फायबर चॅनेलचं ८ गिगाबिटचं क्यूलॉजिक कार्ड घालायचं, ड्राइव्ह त्याला जोडायचा आणि लिनक्समधल्या एलआयओच्या पी-स्कझी पासथ्रूने (उपकरण जसंच्या तसं पुढे देण्याच्या सोयीने) तोच एसआरपीवर पुढे द्यायचा. एलटीओ-५ सेकंदाला १४० एमबी मागतो, ते या तारेला कळणारही नाही. चौथं यंत्र गेलं, म्हणून स्विच गेला. सुताराला उद्या सकाळी सांगतो.

कार्ड कालच आलं. आलं ते पेटीला स्क्रूने बसवायच्या उंच पट्टीसकट, आणि माझी पेटी दोन-यूची, तिच्यात ती मावत नाही. कुणाकडे त्याची आखूड पट्टी धूळ खात पडली असेल तर कळवा, कुरियरचा खर्च मी देतो. बदल्यात छत्तीस पोर्टांचा स्विच घेऊन जा. तेहतीस पोर्ट स्वतः पुसावे लागतील.