सनीवेलभोवती सायकलने: आधी वारा बघा

कॅलिफोर्नियातल्या सनीवेलच्या नावातच ऊन आहे आणि हे गाव नावाला जागतं. पाऊस काय तो नोव्हेंबर ते मार्चमध्ये. बाकीचे महिने सायकल काढायची तर आभाळाकडे बघावंही लागत नाही. त्यामुळे नवा माणूस नकाशा उघडतो, सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या कडेची सपाट वाट बघतो आणि दुपारी जेवूनखाऊन निघतो. दोन वर्षांपूर्वी मीही असाच निघालो होतो. जाताना वाटलं, आपण फारच तयारीचे. येताना कळलं की ती कमाल पाठीवरच्या वाऱ्याची होती. तोच वारा आता तोंडावर होता आणि सपाट रस्त्यावर मी घाटातले गिअर टाकून रडतखडत घर गाठलं.

इथला वारा तसा शिस्तीचा. उन्हाळ्यात सकाळी तो जवळजवळ नसतोच. दुपारनंतर मात्र वायव्येकडून सुटतो आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाही. म्हणून सकाळी वायव्येला, म्हणजे पालो आल्टोच्या दिशेला जायचं आणि दुपारी वारा पाठीवर घेऊन परतायचं. लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, जोडसुट्टीत पुण्याहून नुकताच आलेला मित्र सोबत होता. तीन दिवसांत तीन वाटा केल्या, त्यातल्या दोन या हिशोबानेच आखल्या.

शनिवारी सातला मर्फी अॅव्हेन्यूजवळच्या स्टेशनपासून निघालो. खाडीकडे जायला बोरेगस अॅव्हेन्यू धरा. १०१ आणि २३७ या दोन्ही हायवेंवर तिथे फक्त सायकली आणि पादचाऱ्यांसाठी पूल आहेत, त्यामुळे हायवेवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्यांच्या मध्ये सापडायची वेळ येत नाही. पुढे कॅरिबियन ड्राइव्ह ओलांडला की शहराचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र लागतं. तिथून बे ट्रेल ही खाडीकाठची वाट सुरू होते ती मोठमोठ्या तळ्यांच्या बांधावरून. वास येतो, खोटं कशाला बोलू. पण पाच-दहा मिनिटांत नाक सरावतं.

हा बांध खडी-मुरुमाचा, घट्ट दाबलेला. अरुंद टायरची रोड बाइक चालते, पण दात वाजतात. ३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर असेल तर मजा येते. पावसाळ्यात मात्र इथे चिखल होतो, पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस तरी फिरकू नका. सावली अजिबात नाही आणि या पट्ट्यात प्यायचं पाणीही नाही. आम्ही दोघांनी दोन-दोन बाटल्या घेतल्या होत्या, त्या पुरल्या.

डाव्या हाताला मॉफेट फील्ड या विमानतळाचा हँगर वन दिसायला लागतो आणि मग बराच वेळ हलतच नाही, इतका तो अवाढव्य आहे. १९३०च्या दशकात अमेरिकी नौदलाने 'मॅकॉन' या हवाई जहाजासाठी तो बांधला. जहाज १९३५ मध्ये समुद्रात कोसळलं, घर तेवढं उरलं. उजवीकडे उथळ पाण्यात लांब चोचीचे पक्षी चरत होते. ते बघायला आम्ही थांबलो, सायकली कडेच्या वाळल्या गवतात टेकवल्या आणि तिथेच फसलो.

शंभर पावलंही गेलो नसू, माझं मागचं चाक बसलं. टायरमधून काटा उपटून मित्राने तळहातावर धरला आणि ओरडला, "अरे, हे तर सराटे!" खरंच सराटेच होते. गावाकडे माळावर अनवाणी पायात घुसतात तेच, वनस्पतीही तीच. इथे त्याला 'गोटहेड' म्हणतात, कारण फळाचा आकार शिंगं असलेल्या बकरीच्या तोंडासारखा. सात समुद्रांपलीकडे भेटलेल्या गाववाल्याचं कौतुक करत मी घाईघाईने ट्यूब बदलली आणि टायरच्या आतून बोट फिरवायला विसरलो. दुसरा काटा आतच होता. पाच मिनिटांत नवी ट्यूबही गेली. मित्राची ट्यूब वेगळ्या मापाची. शेवटी मागून आलेल्या एका आजोबांनी ठिगळं दिली, वर आपला पंपही मारून दिला.

तेव्हा मागून येणाऱ्यांनो, गवतात सायकल नेऊ नका, टेकवायची असेल तर बांधावरच टेकवा. दोन ट्यूब, ठिगळं आणि पंप घ्या. नुसत्या गॅसच्या नळकांडीवर विसंबू नका, ती एकदाच कामाला येते. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट घातलेलं असेल तर काटा दिसला तरी लगेच उपटायचा नाही, आधी घरी पोचा. आणि बोट फिरवा! जरा हळू फिरवा, नाहीतर काटा बोटातच सापडतो.

बांध संपतो तिथे स्टीव्हन्स क्रीकची वाट येऊन मिळते. आम्ही ती परतीसाठी ठेवली आणि शोरलाइनमध्ये शिरलो. हे हिरवंगार उद्यान कचऱ्याच्या भरावावर उभं आहे, टेकड्याही कचऱ्याच्याच. तळ्याकाठी पाणी आणि स्वच्छतागृह आहे, बाटल्या इथे भरा. पुढे पालो आल्टो बेलँड्सपर्यंत पाणथळीतून वाट जाते. तीनही दिवसांत मला सगळ्यात आवडलेला तुकडा हाच. पांढरे पेलिकन रांगेत पोहत होते आणि एकदम सगळे मिळून माना पाण्यात घालत होते, कवायत केल्यासारखे. कोणाला पालो आल्टो शहरात जायचं असेल तर अडोबी क्रीकपाशी १०१ वरचा सायकलपूल आहे. पूर्वी तिथे भुयारी वाट होती आणि पावसाळ्यात ती बंद असे. २०२१ मध्ये पूल झाल्यापासून बारा महिने सोय झाली.

परतीला स्टीव्हन्स क्रीक ट्रेल धरली. ही डांबरी, झाडीतली आणि पूल-बोगद्यांमुळे सिग्नल नसलेली. वारा पाठीवर. फक्त सुट्टीच्या दिवशी लहान मुलं, कुत्री, आज्या सगळे तिथेच असतात. वेगमर्यादा ताशी १५ मैल आहे. ओलांडताना घंटी वाजवा किंवा 'ऑन युवर लेफ्ट' म्हणा, मुक्याने घुसू नका. वाट हेदरस्टोन वेपाशी संपते, तिथून सनीवेल लागूनच आहे. एकूण पस्तीसेक किलोमीटर झाले. क्युपरटिनोत याच ओढ्याकाठी वाटेचा आणखी एक तुकडा आहे, पण मधला भाग जोडलेला नाही. तिथे रस्त्यावरूनच जावं लागतं.

रविवारी उलट दिशा, आणि निघालोही मुद्दाम दुपारी. २३७ ला लागून पूर्वेकडे अल्विसो. शेजारी गाड्यांचा गोंगाट, त्यामुळे हा पट्टा मुकाट्याने उरकायचा. वाटेत सॅन टोमस अॅक्विनो क्रीकची वाट लागते, पण ती फुटबॉलच्या स्टेडियमला खेटून जाते आणि सामन्याच्या दिवशी तेवढा भाग बंद ठेवतात. तिकडून जाणार असाल तर आधी सामन्यांचं वेळापत्रक बघा. अल्विसो हे जुनं बंदर, आज समुद्रसपाटीच्या खाली. विसाव्या शतकात विहिरींतून इतका उपसा झाला की सॅन होजेत काही ठिकाणी जमीन १३ फुटांपर्यंत खचली. मरिनापासून मिठागरांच्या बांधावरून नऊ मैलांचा फेरा आहे. ही जुनी मिठागरं २००३ मध्ये सरकारने घेतली आणि आता त्यांची पुन्हा पाणथळ करणं चालू आहे. दुपारच्या वाऱ्यात तो फेरा मारायची हौस आम्हाला नव्हती. तो पहाटेचा उद्योग.

तिथून ग्वाडलूप नदीची वाट दक्षिणेला थेट सॅन होजेत जाते, विमानतळाच्या कडेकडेने. विमानं वाऱ्याच्या तोंडाला उडतात, हे इथे फार कामाचं. विमानं उत्तरेकडे, तुमच्या डोक्यावरून उडत असतील तर समजा वारा तुमच्या पाठीवर आहे. आम्हाला तर पायडल मारल्यासारखंच वाटलं नाही. पुलांखालच्या वाटा मात्र पावसाळ्यात पाण्याखाली जातात, आणि अंधार पडल्यावर इथून एकट्याने जाऊ नये असं माझं मत. पोचलात की वाऱ्याशी भांडत परत येऊ नका. डिरिडॉन स्टेशनवर कॅलट्रेन, म्हणजे इथली लोकल, पकडा. सायकलचे वेगळे पैसे लागत नाहीत. सायकलींसाठी राखीव डबे असतात, त्यावरची खूण बघून चढा आणि सायकल लावताना कुठे उतरणार ते शेजारच्याला विचारा. नाहीतर तुमचं स्टेशन येतं आणि तुमची सायकल तीन सायकलींखाली असते.

सोमवारी मॉन्टेबेलो रोड. इथे वाऱ्याचा प्रश्नच नाही, चढच पुरेसा आहे: साधारण पाच मैलांत दोन हजार फूट. सुरुवात खडी, मध्ये जरा दम खायला मिळतो, शेवटी पुन्हा खडी. पायथ्याला जाणाऱ्या स्टीव्हन्स कॅन्यन रस्त्यावर आठवड्याच्या दिवसांत खाणीचे ट्रक असतात, म्हणून सुट्टीच बरी. मित्राने निम्म्यावर सायकल हातात धरली आणि 'सिंहगड परवडला' म्हणाला. वर फाटकापाशी डांबर संपतं, तिथून वळा. उतरताना वळणांवर खडी पडलेली असते, ब्रेक वळणाआधीच दाबा. सप्टेंबर-ऑक्टोबरात वणव्यांचा धूर असेल तर हा चढ सोडून द्या. हवेचा निर्देशांक शंभरच्या वर गेला की मी सायकल काढतच नाही.

घरी आल्यावर मित्राच्या बुटांच्या तळव्यात शनिवारचे दोन सराटे अजून रुतलेले निघाले. बूट दाराबाहेरच काढा. आमच्याकडे तिसरा सराटा गालिच्यात पडला होता आणि तो बायकोच्या पायाला सापडला.