आठवणींच्या खोलीत

आज माझगावच्या गोदामात आवाजाची एक मांडणी, म्हणजे खोलीभर पसरलेली कलाकृती, सुरू झाली. एका आजीचा आवाज खोलीत वाजतो, माईक तो टिपतो, पुढच्या फेरीला ती नवी नोंदच वाजते. हळूहळू शब्द विरतात, खोलीचा घुमारा तेवढा उरतो. फार सुंदर! २००० सालच्या उंदरांवरच्या प्रयोगात हेच दिसलं: जागी केलेली भीतीची आठवण काही काळ कच्ची होते, पुन्हा साठवावी लागते.

अशी मांडणी करणाऱ्यांसाठी: माईकचा आवाज थेट स्पीकरला जाऊ देऊ नका, शिट्टी वाजते. उकाडा कितीही असो, टिपताना एसी बंदच. त्याची घरघर दर फेरीला साठत जाऊन आवाज गिळते. आणि आठवणी जागवायला खोलीत डांबरगोळ्यांचा वास सोडणार असाल, तर तो थांबून थांबून सोडा. सतत सोडलात तर नाक काही मिनिटांतच सरावतं.